‘१९८०० सेकंद मिळवा’ हा मेसेज पुढे पाठवणं थांबवा

परवा भाचीचा फोन आला. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर लिहितेय. “मावशी, आज परत करायच्या पुस्तकाला दुपारी दंड लागत नाही, पण संध्याकाळी सातला एका दिवसाचा लागतो. कोड तोच आहे गं!” कोड मागवला. त्यात एक ओळ होती: आत्ताची वेळ अधिक १९८०० सेकंद. कुठून आणलीस विचारलं, तर तिने ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवला. मलाही तो दोनदा आला होता.

मेसेज असा: भारतात एकच टाइमझोन आहे, घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, तेव्हा टाइमझोनच्या लायब्ररी (वेळेची आकडेमोड करणारा तयार कोड) विसरा. यूटीसीत, म्हणजे जगाच्या सामायिक प्रमाणवेळेत, १९८०० सेकंद मिळवा. सगळं यूटीसीतच साठवा. तारखांची तुलना स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, म्हणून करा. दिवस म्हणजे ८६४०० सेकंद.

आधी ते १९८००. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे आणि साडेपाच तासांचे सेकंद तेवढेच होतात, हिशोब बरोबर आहे. पण कशात मिळवायचे? सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असेल, तिथे हा कोड चालतो. भाचीचा लॅपटॉप भारतीय वेळेवर. त्यात आणखी साडेपाच तास घातले की संध्याकाळी साडेसहालाच उद्याची तारीख लागते आणि दंड सुरू. पोरीने त्यात दोन दिवस घालवले.

आणि ‘भारतात घड्याळं पुढे-मागे होत नाहीत’? आज होत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात झाली होती. जगभरच्या सॉफ्टवेअरला टाइमझोनचे नियम पुरवणारा आयाना या संस्थेचा टाइमझोन डेटाबेस उघडा आणि ‘आशिया/कोलकाता’ची, म्हणजे भारताच्या झोनची, नोंद वाचा. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारत यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होता. आता १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख घ्या. एका प्रोग्रामने ती ‘त्या दिवशीची मध्यरात्र, आशिया/कोलकाता’ धरून यूटीसीत साठवली: आदल्या दिवशीचे १७:३०. दुसऱ्याने वाचताना १९८०० मिळवले: आदल्या दिवशीचे २३:००. जन्मतारीख एक दिवस मागे गेली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने आधारवरची आणि पेन्शनच्या कागदावरची तारीख जुळत नाही म्हणून खेटे घालायचे का? जन्मतारीख ही नुसती तारीख आहे. तिला तास-मिनिटं चिकटवूच नका.

सगळं यूटीसीत साठवा, हे अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. होऊन गेलेल्या घटनेसाठी, म्हणजे लॉगिन, पेमेंट, लॉग यांसाठी, यूटीसीच योग्य. पुढच्या भेटीसाठी नाही. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१६ मध्ये ठरवलं की हिवाळ्यात घड्याळं मागे घ्यायची नाहीत. त्याआधी कोणी नोव्हेंबरातली इस्तंबूलची सकाळी नऊची बैठक ०७:०० यूटीसी म्हणून साठवली असेल, तर नव्या नियमाने ती दहाची दिसणार. अशा वेळी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव, दोन्ही ठेवावं लागतं.

स्ट्रिंगची तुलना सगळ्या वेळा एकाच ऑफसेटच्या (यूटीसीपासूनच्या फरकाच्या) आणि एकाच साच्यातल्या असतील तरच चालते. नाहीतर भारतातले सकाळचे ०९:०० हे ०४:०० यूटीसीच्या नंतरचे ठरतात. खरं तर ते ०३:३० यूटीसी, म्हणजे अर्धा तास आधीचे.

८६४०० म्हणजे चोवीस तासांचे सेकंद. त्याबद्दल एवढंच: न्यूयॉर्कमध्ये घड्याळं पुढे-मागे होतात, म्हणून दरवर्षी एक दिवस २३ तासांचा असतो आणि एक २५ तासांचा. पॅसिफिकमधल्या सामोआ देशात तर ३० डिसेंबर २०११ हा दिवस उगवलाच नाही.

भाचीची ती ओळ काढली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत ३.९ आवृत्तीपासून टाइमझोनसाठी झोनइन्फो ही लायब्ररी आहे. आत्ताची वेळ थेट ‘आशिया/कोलकाता’ सांगून मागितली आणि तिची तारीख पुस्तकाच्या तारखेशी ताडली. मग लॅपटॉपचं घड्याळ आधी संध्याकाळी सात, मग रात्री ११:५९ आणि शेवटी १२:०१ वर नेऊन बघितलं. दंड १२:०१ लाच लागला. हा मेसेज तिने ज्या ग्रुपवरून घेतला, तिथे आता तिनेच उत्तर लिहिलंय.