बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी? खुलासा

जळगावच्या सराफ बाजारात बंगाली बोलणारा, लुंगी नेसलेला कारागीर म्हणजे घुसखोरच, असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. पश्चिम बंगाल, त्रिपुरातल्या कोट्यवधी भारतीयांची ती मातृभाषा. घटनेच्या कलम 19 नुसार त्यांना इथे राहण्याचा हक्क आहे. 1955 चा नागरिकत्व कायदा जन्मतारीख, जन्मस्थळ, आईवडिलांचं नागरिकत्व बघतो; दाढी, पेहराव नाही. व्हिसावर आलेला परदेशी माणूसही व्हिसाची मुदत असेपर्यंत कायदेशीरच राहतो.

आपल्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्यातले बहुतेक महाराष्ट्रातलेच, सोलापूर जिल्ह्यातले होते! शंका आली तर पोलिसांना कळवा. कुणाचा फोटो ग्रुपवर टाकू नका.