सत्कार कशाचा केला, ते सांगतो

भाऊ, नमस्कार.

मत्स्यबीजाच्या, म्हणजे तलावात सोडायच्या माशांच्या पिल्लांच्या, धंद्यातून निवृत्त झालेल्या एका हॅचरीमालकाचा (त्यांना इथे काका म्हणतो) नागपुरात सत्कार झाला. त्यावर मी लिहिलं आणि तुम्ही मला चांगलंच खडसावलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तलाव राखले ढिवरांनी, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाने, कमावलं व्यापाऱ्याने आणि शाल-श्रीफळही त्यालाच. वर रोहू-कटल्याच्या बियाण्याने आपले गावठी मासे संपवले, त्याचं काय? प्रश्न पोटतिडकीने विचारलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

काकांनी पैसा कमावला, यात दुमत नाही. पण ते विकत काय होते, ते बघा. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण अंडी घालत नाहीत. म्हणजे तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या सहकारी संस्थेला दरवर्षी बीज विकत घेऊनच सोडावं लागतं. १९५७ साली कटकला हिरालाल चौधरींनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, तोवर बीज मुख्यतः नदीतून गोळा व्हायचं आणि त्यात कुठल्या जातीचं काय आलं, याचा भरवसा नसायचा. त्यानंतरही विदर्भातल्या कितीतरी संस्था बंगालच्या बीजावर अवलंबून राहिल्या. इतक्या लांबून आलेल्या पिशव्यांत किती जीव जिवंत उरायचे, ते तुमच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा. बीज इथेच तयार झालं, तर ढिवराचाच फायदा.

आणि या धंद्यात फसवायला जागा किती आहे! बीज एकेक करून मोजत नाहीत. जाळीची छोटी वाटी भरायची, एका वाटीतलं मोजायचं आणि मग वाट्यांनी गुणायचं. वाटीत पाणी जास्त राहू दिलं, किंवा मोजायची वाटी दाबून भरली आणि द्यायच्या वाट्या सैल भरल्या, की हजारोंचा फरक पडतो. काकांच्या टाक्यावर मोजायची वाटी कोणती, हे घेणारा ठरवायचा. ढिगातली कुठलीही वाटी त्याने उचलावी आणि परातीत ओतून स्वतः मोजावी. मी हे उभं राहून पाहिलंय. घाईत असलेल्या माणसालाही ते मोजायला लावायचे.

दुसरं असंच. गाडीत घालायच्या आधी बीज रात्रभर हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या कप्प्यात, उपाशी ठेवायचं, म्हणजे पिशवीतलं पाणी प्रवासात नासत नाही. जुलैत संस्थांची रांग लागलेली असताना ही एक रात्र विकणाऱ्याला महाग पडते. काका ती कधीच वाचवत नसत. "आज नेलं तर तलावात मेलेलं सोडशील, उद्या ये," असं सांगून गाडी परत पाठवायचे. बंद पिशवी आधी तलावाच्या पाण्यावर तरंगू द्या, आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं झाल्यावरच दोरी सोडा, हेही प्रत्येक नव्या संस्थेला बजावायचे. स्वस्त म्हणून जिरे, म्हणजे नुकती जन्मलेली इवली पिल्लं, मागणाऱ्याला बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, घ्या म्हणायचे, कारण मरळीने, या शिकारी माशाने, भरलेल्या तलावात जिरे सोडणं म्हणजे मरळीला चारा घालणं. थाई मांगूर या परदेशी माशाला चोरून गिऱ्हाईक भरपूर होतं आणि नफाही झटपट, पण देशात २००० सालीच बंदी घातलेल्या त्या माशाला त्यांनी हात लावला नाही.

आता तलावांच्या हक्काचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इंग्रजी काळातली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि मासेमारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. संस्था नावाला ढिवरांची आणि पैसा लावणारा भलताच, असे प्रकार घडतात. त्याचा राग तुम्हाला आहे, तेवढाच मलाही आहे. पण तो राग काकांवर काढू नका. त्यांनी एकाही तलावाचा ठेका घेतला नाही, कुणाच्या नावावर घेववलाही नाही. सत्काराला भंडारा-गोंदियाकडच्या संस्थांचे ढिवर स्वखर्चाने आले होते आणि व्यासपीठावर बोलले तेही तेच. तलाव राखणाऱ्या ढिवरांचा सत्कार व्हायला हवा, ही तुमची मागणी मला सोळा आणे मान्य आहे. तो काकांच्या सत्काराच्या आड कुठे येतो?

गावठी माशांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तुमच्या टिपणीतला तो सगळ्यात मोलाचा भाग. रोहू-कटल्यावरच सगळा भर दिला आणि मरळ, शिंगी, आपला देशी मागूर यांना कुणी वाली उरला नाही. पण नुसत्या बीजाला दोष देऊन भागणार नाही. यातले कितीतरी मासे पहिल्या पावसात पाणी चढून उथळ भागात, धानाच्या बांध्यांत अंडी घालायला जातात. वाटेत बांध उंच झाले, बांध्यांत तणनाशक आलं, तलावात गाळ भरला आणि काठाने बेशरम नावाची झुडपं माजली. पाण्यातल्या ज्या वनस्पतींच्या आडोशाने पिल्लं वाढायची, त्याच गेल्या. गोंदिया-भंडाऱ्याकडे गावकऱ्यांनी बेशरम उपटून त्या वनस्पती पुन्हा लावायला घेतल्या आहेत. बोटुकलीइतकाच निधी त्या कामाला मिळाला पाहिजे, यावर मी तुमच्यासोबत कुठेही सही करायला तयार आहे.

तुमच्या गावच्या तलावात आज कोणते गावठी मासे मिळतात, कोणते दिसेनासे झाले, ढिवर त्यांना काय म्हणतात, हे सगळं लिहून पाठवा. एक अक्षर न कापता, तुमच्या नावाने इथेच छापतो.