"आधी लोणी लावायला शिका" म्हणणाऱ्यांना

नमस्कार ताई (किंवा दादा, टोपणनावावरून काही कळत नाही आणि फोटो तर गुलाबाच्या फुलाचा लावलाय),

माझ्या अंड्याच्या सँडविच केकच्या रेसिपीवरची (ब्रेडच्या थरांमध्ये अंडं, चक्का, काकडी घालून केलेला, गोड नसलेला केक) तुमची कमेंट काल रात्रीच वाचली, पण रागात काही लिहायचं नाही असं ठरवलं म्हणून आत्ता सकाळी चहा घेऊन बसलेय. राग काही फारसा गेलेला नाही. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. केक गोडच असतो, ह्याला केक म्हणणं ही फसवणूक. मूळचा पदार्थ स्वीडनचा, त्यात कोळंबी हवी. अंड्याला वास येतो. मुंबईच्या दमट हवेत वाढदिवसाच्या टेबलावर तो टिकणार नाही. आणि मग हे वाक्य: "तुमच्या पद्धतीने केला, तासाभरात ब्रेडचा लगदा झाला, आधी ब्रेडला लोणी लावायला शिका आणि मग रेसिप्या लिहा."

लोणी लावायला शिका. मला.

अहो, गिरगावात चाळीत वाढलेय मी. आमच्या मजल्यावर कोणाचाही वाढदिवस असला की वेफर्स त्यांच्याकडचे, केक बेकरीतला, पण चटणी सँडविचं आमच्याच घरात व्हायची, आणि मी सातवीत असल्यापासून लोणी लावायचं काम माझ्याकडे. आई लोणी आधी बाहेर काढून ठेवायची, मऊ झालं की वाटीत चमच्याने फेटायचं, आणि मग स्लाइसच्या मधोमध गोळा फासून मोकळं व्हायचं नाही, चारी कोपऱ्यांपर्यंत गेलं पाहिजे. एक कोपरा कोरडा दिसला की आई ती स्लाइस नुसती परत माझ्यापुढे सरकवायची, तोंडाने एक शब्द नाही. त्यावर चटणी, वरून घट्ट पिळलेला ओला पंचा. पाचला केलेली सँडविचं सातला मुलं येईपर्यंत जशीच्या तशी असायची.

पुढे कॉलेजात असताना चर्चगेटला सँडविचवाल्यासमोर जवळजवळ रोज उभी असायचे (डबा घरी विसरायची सवय होती, मुद्दाम). त्याचा हात बघत राहावा असा. सुरी आडवी धरून एका फटक्यात लोणी कडेपर्यंत, मग हिरवी चटणी, मग बटाटा, काकडी, बीट, टोमॅटो. आधी चटणी आणि मग लोणी असं त्याने कधी केलेलं मी पाहिलं नाही, कारण लोण्याच्या थरातून पाणी सहज आत जात नाही, ब्रेडचा रेनकोट आहे तो. हे मी पोस्टमध्ये लिहिलंय, तिसऱ्या स्टेपला, पण लोक फोटो बघतात आणि खाली जातात.

आणि स्वीडनचा विषय तुम्हीच काढलात म्हणून सांगते. तिकडे ह्याला स्मॉर्गोसटोर्टा म्हणतात. टोर्टा म्हणजे केक, स्मॉर्गोस म्हणजे सँडविच, आणि त्यातलं स्मॉर म्हणजे लोणी, गोस म्हणजे हंस. घुसळताना वर जे लोण्याचे गोळे तरंगतात त्यांना ते लोक हंस म्हणायचे म्हणे. ताक केलेल्या कुठल्याही बाईला हे चित्र लगेच दिसेल. तर ज्या पदार्थाच्या नावातच लोणी आहे तो करताना मी लोणी विसरेन? आणि नावात केकही आहे बरं का, तेव्हा फसवणूक करायचीच असेल तर ती स्वीडनवाल्यांनी केलीये, त्यांना कळवा. आपल्याकडे सँडविच ढोकळ्यात ब्रेड कुठेय म्हणून कोणी भांडतं का?

आता मी काही हट्टी बाई नाहीये. एक गोष्ट मान्य करते. मधल्या थरातल्या काकडीच्या चकत्यांना मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग घट्ट पिळून घ्यायच्या, हे लिहायचं राहून गेलं. हाताला सवय असते हो, लिहिताना डोक्यातच येत नाही. काकडीत पंच्याण्णव टक्के पाणी, दोन काकड्यांचं चांगलं अर्धी वाटी निघतं हेही खरं. पण ती बारीकशी गोष्ट झाली, तेवढ्यावरून "लोणी लावायला शिका"? आणि चक्का नीट टांगलेला होता का तुमचा? की दही पिशवीतून काढून सरळ अंड्यात? ते काही तुम्ही लिहिलं नाहीत.

हेच तुम्ही "ब्रेड ओला झाला, काय चुकलं असेल?" असं विचारलं असतंत तर मी तुम्हाला फोन करून सांगितलं असतं, खरंच. बऱ्याच जणींना सांगितलंय.

बाकीचं पटापट. अंड्याला वास येतो कारण तुम्ही ती जास्त उकडलीत, पिवळ्याभोवती हिरवट कडं आलं असणार, बघा आठवून. पाणी उकळल्यावर दहा मिनिटं, लगेच गार पाण्यात, बास. कोळंबी घालतात, सामन मासा घालतात, लिव्हरचं पॅटे (वाटून मऊ केलेलं लिव्हर) पण घालतात, ज्याला जे हवं ते. माझ्या मुलीच्या मैत्रिणीला कोळंबीची अॅलर्जी आहे म्हणून आमच्याकडे अंडं, विषय संपला. आणि टेबलावर टिकायचं म्हणाल तर तो टेबलावर ठेवायचाच नसतो! रात्रभर फ्रिजमध्ये, काढायचा, कापायचा, खायचा. आत अंडं आणि चक्का आहे, मे महिन्यात तासाभराच्या वर बाहेर नको. हे पण लिहायला लागतं का? (लागतं बहुतेक.)

तुम्ही केलेल्या केकचा फोटो असला तर पाठवा, लगदा झालेला असला तरी चालेल. काकडीची ओळ मी आत्ताच पोस्टमध्ये घातलीये, तुमचं नाव न घालता.