तांबट, मी आणि इतर हितचिंतक

निसर्गाची छायाचित्रे काढण्यासाठी ताडोबाच गाठावे लागते, असा ज्यांचा समज आहे, त्यांनी पुण्यातल्या एखाद्या सार्वजनिक उद्यानात सकाळी साडेसहाला गळ्यात कॅमेरा अडकवून उभे राहून पाहावे. जंगलात वाघ दिसला तर दिसतो, नाही तर नाही, पण तिथे निदान कोणी पाठीवर थाप मारून “केवढ्याला पडला हो?” असे विचारत नाही. उद्यानातले पक्षी माणसांना चांगलेच सरावलेले असतात. बिचकून असतो तो छायाचित्रकार, आणि त्याच्या बिचकण्याची सुरुवात प्रवेशद्वारापाशीच होते.

आमच्या उद्यानाच्या दारावर ‘व्यावसायिक छायाचित्रणास सक्त मनाई’ अशी पाटी आहे. व्यावसायिक कोणाला म्हणावे, हे पाटीवर नसल्यामुळे सुरक्षारक्षकाने स्वतःची कसोटी ठरवून टाकली आहे: लेन्स जेवढी लांब, तेवढा माणूस व्यावसायिक. माझी ७०-३०० मिलिमीटरची लेन्स पाहताच तो खुर्चीतून उठला.

“साहेब, हे आत चालणार नाही.”

“अहो, मी फक्त पक्ष्यांचे फोटो काढतो.”

“तेच म्हणतोय. विकत असाल.”

तांबटाचा फोटो विकत घेणारा सद्गृहस्थ मला अद्याप भेटायचा आहे, हे मी त्याला समजावत होतो, त्याच वेळी लग्न ठरलेले एक जोडपे भरजरी घागरा, फेटा, गोल दिवा आणि पाच मित्र अशा सरंजामासह आत गेले. त्यांचे सगळे चित्रीकरण मोबाइलवर असल्यामुळे ते हौशी ठरले. तेव्हापासून मी कॅमेरा भाजीच्या पिशवीत ठेवतो आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवतो. सकाळी साडेसहाला उद्यानात कोथिंबीर घेऊन शिरणाऱ्या माणसाचा कोणालाही संशय येत नाही.

माझे सारे लक्ष असते ते तांबटावर. चिमणीहून थोडाच मोठा पक्षी, अंग हिरवे, कपाळ आणि छाती लाल, डोळ्याभोवती आणि गळ्याशी पिवळा. एवढी रंगांची उधळपट्टी करूनही वडाच्या पानांत बसला की तो दिसेनासा होतो. उन्हाळ्यात त्याचे ‘टुक् टुक् टुक्’ दिवसभर चालू असते, परंतु ओरडताना तो मान इकडून तिकडे फिरवत असल्यामुळे आवाज नेमका कोणत्या फांदीवरून येतो आहे ते कळत नाही. मान अवघडेपर्यंत शोधल्यावर तो एखाद्या निष्पर्ण शेंड्यावर, पांढऱ्याफटक आकाशासमोर सापडतो, आणि आकाशाच्या त्या उजेडाला भुलून कॅमेरा त्याचा काळा ठिपका करून टाकतो. एक्स्पोजर वाढवून पुन्हा नेम धरावा, तर ऑटोफोकस मध्येच आलेल्या काटकीवर जाऊन स्थिरावलेला असतो. पुणे परिसरातील काटक्यांची अत्यंत सुस्पष्ट छायाचित्रे माझ्या संग्रही आहेत. अभ्यासकांनी अवश्य संपर्क साधावा.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते, पण उद्यानात हितचिंतक असतात. त्यांतले अग्रणी म्हणजे अप्पा. अप्पा निवृत्त आहेत आणि पक्ष्यांचे त्यांनी दोनच वर्ग पाडले आहेत, भारद्वाज आणि पोपट. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, यावर त्यांची गाढ श्रद्धा असल्यामुळे तो दिसताक्षणी ते मला उद्यानाच्या दुसऱ्या टोकावरून हाक मारतात. ती हाक माझ्या आधी भारद्वाजाला ऐकू येते आणि मी पोहोचेपर्यंत तो कण्हेरीखालून चालत पलीकडे निघून गेलेला असतो. अप्पांचा दिवस चांगला जातो. मग ते सल्ला देतात: “टाळी वाजवा हो, म्हणजे उडेल. उडतानाचा फोटो खरा!” अप्पांच्या नातवाने मोबाइलवर चंद्राचा फोटो काढला आहे, खड्ड्यांसकट, आणि तो मला दर भेटीत पाहावा लागतो.

फुलपाखरांकडे वळून पाहिले, पण तिथेही निराशाच. राणी पाकोळी हे निळे-काळे देखणे फुलपाखरू २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. राज्याने या मानाबरोबर एका जागी स्थिर बसण्याची अटही घालायला हवी होती. एकदा ती घाणेरीच्या फुलांवर आली, मी श्वास रोखून गुडघ्यांवर बसलो, आणि नेमका तेवढ्यात मागच्या हिरवळीवर हास्य क्लबने दोन्ही हात वर करून सामूहिक हास्याचा पहिला गडगडाट केला. राणी पाकोळी गेली की नाही ते मला माहीत नाही, कारण मीच घाणेरीत पडलो होतो. क्लबला मात्र त्या दिवशी बऱ्याच काळाने खरेखुरे हसू आले.

यंदा मार्चमध्ये तांबटाच्या जोडीने गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीला, खालच्या अंगाने, भोक पाडायला घेतले. अर्धा पक्षी आत, आखूड शेपटी बाहेर. आतून टोकरल्याचा बारीक आवाज. मग तो मागे सरकत बाहेर येई, मान झटकून चोचीतला भुसा फेकी, आणि चोचीच्या बुडाशी असलेल्या राठ मिशांना चिकटलेला चुरा तसाच घेऊन पुन्हा आत शिरे. घरट्याच्या जवळ जायचे नाही, हा नियम पाळून मी लांबच्या बाकावर बसलो. अप्पा आले, फांदी पाहून म्हणाले, “वाळलीये. अर्ज करून तोडून घेतली पाहिजे, कोणाच्या डोक्यात पडेल.” तांबट वाळक्या, भुसभुशीत लाकडातच घर कोरतो, ही फांदी गेली तर त्याचा संसार जाईल, हे मी त्यांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितले, आणि अप्पांना ते इतके पटले की दुसऱ्या दिवसापासून ते हातात काठी घेऊन गुलमोहराखाली पहाऱ्याला उभे राहू लागले. मुलांना त्यांनी हाकलले, हास्य क्लबला पलीकडच्या कोपऱ्यात धाडले, आणि बाकावर कॅमेरा काढताच मलाही काठी दाखवली. “लांब, लांब! त्यांना त्रास होतो.”

अखेर अप्पा चहाला गेले असताना तो फोटो मिळाला: भोकातून बाहेर डोकावणारा तांबट, चोचीत भुशाची चिमूट, डोळ्यात उजेडाचा ठिपका. कृतज्ञतेने मी तो अप्पांना पाठवला. अप्पांनी तो कोणकोणाला पाठवला ते ठाऊक नाही, पण आठवडाभरात नाशिकच्या मेहुणीकडून तो आमच्या घरी परत आला, भोवती गुलाबांची चौकट, तांबटाच्या छातीवर आडवे ‘शुभ सकाळ’, आणि खाली पोपटाविषयी दोन ओळी. पत्नीने तो मला कौतुकाने दाखवला आणि म्हणाली, “बघ, याला म्हणतात फोटो. आणि मोबाइलवर काढला असणार.”