सोलरमध्ये जायचंय ना? मग आधी इलेक्ट्रिकल घे

परवा ताईचा फोन आला. भाच्याचे कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचे, ऑप्शन फॉर्म भरायचेत, त्याला ‘सोलरमध्येच’ करिअर करायचंय आणि एका कॉलेजात ‘रिन्यूएबल एनर्जी’ अशी वेगळी शाखा मिळतेय. घेऊ का? मी लगेच नको म्हणाले. ताई दुखावली. मावशी ज्यात अठरा वर्षं पोट भरतेय त्यातच पोराला येऊ देत नाही, असं तिला वाटलं. दर वर्षी चार-पाच घरांतून हाच प्रश्न येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

त्याने या क्षेत्रात जरूर यावं. 2030 पर्यंत कोळसा-तेलाशिवायची 500 गिगावॉट क्षमता उभी करायची, हे देशाचं उद्दिष्ट आहे. आपल्याकडे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिन्यांचं काम चालू आहे. काम भरपूर आहे. पण अडतं कुठे, ते बघा.

मागच्या उन्हाळ्यात एका गोदामाच्या छतावर एका स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेचा, करंट शून्य दाखवत होता. दुपारचे दोन वाजलेले, पत्रा बुटातून भाजत होता. एकेक जोड तपासत गेलो तर पॅनेलच्या वायरी जोडणारा एक एमसी फोर कनेक्टर वितळून काळाठिक्कर पडलेला. क्रिम्पिंग, म्हणजे वायरवर धातूची पिन दाबून घट्ट बसवणं, कच्चं राहिलं होतं. सांध्यात रेझिस्टन्स वाढला आणि तो रोज थोडा थोडा तापत गेला. घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायला वाव मिळतो. पॅनेलची डीसी एकाच दिशेने वाहते, शून्यावर येतच नाही; आर्क, म्हणजे ती ठिणगी, एकदा पेटला की पेटत राहतो. आणि खाली कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या! ते क्रिम्पिंग करणाऱ्या मुलाला कृती पाठ होती. ती तशीच का करायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

हा ‘का’ इलेक्ट्रिकलच्या चार वर्षांत मिळतो. मशिन्स, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, प्रोटेक्शन, पॉवर सिस्टिम्स. पॅनेलच्या डीसीची एसी करणारा इन्व्हर्टर म्हणजे पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच. ज्या शाखेत हे विषय एकेका सेमिस्टरमध्ये उरकले जातात, तिथे नाव कितीही हिरवं असो, पाया कच्चा राहतो.

माझी सुरुवात सोलरमध्ये झालीच नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीत मी शिकले. ऐन पावसाळ्यात टॉवरची शिडी चढून वर जायचं, कारण वारा तेव्हाच जोरात असतो. नेमकं तेव्हा ऊन नसतं. आणि संध्याकाळी सूर्य मावळतो त्याच वेळी घराघरांत दिवे लागतात. वीज कुठे साठवायची आणि ग्रिड, म्हणजे विजेचं सगळं जाळं, कसं सांभाळायचं, हा खरा पेच आहे. घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प खालचं पाणी पंपाने वर चढवून ठेवतो आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करतो. तिथे सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांचंही तेवढंच काम आहे. त्यामुळे भाच्याला यंत्रांची ओढ असेल तर मेकॅनिकलही चालेल. ऊर्जेतलं विशेष शिक्षण पुढे घेता येतं. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या ऊर्जा विभागासारख्या ठिकाणी एम.टेक. करता येतं.

पालकांनो, एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. पहिली दोन-तीन वर्षं साईटवर, उन्हात, घरापासून लांब जातात. पगारही सुरुवातीला सॉफ्टवेअरवाल्या मित्रापेक्षा कमीच असतो.

फॉर्म भरायच्या आधी भाच्याला दोन दिवस माझ्याकडे पाठव, असं ताईला सांगितलंय. शनिवारी साईटवर जायचंय. टोपी, जाड तळव्याचे बूट आणि पाण्याची मोठी बाटली आणायला सांगितलीय.