ऑक्टेनचा आकडा म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे

आज सकाळपासून एकच व्हिडिओ चार ग्रुपांवर येऊन पडलाय. एक जण छोट्या गाडीत १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरतो, एक चक्कर मारतो आणि ओरडून सांगतो, "पिकअप डबल!" खाली रांग लागलीय, आमच्या गाडीत टाकू का, आमच्यात टाकू का. डोकं फिरलं बघून.

डबल कशाने झाला? त्या पेट्रोलच्या लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा वेगळी ताकद भरलेली नसते. इथेनॉलचं उदाहरण घ्या. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास, आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. आकडा चढा, ऊर्जा कमी. आकडाच ताकद असता तर हे झालं असतं का?

ऑक्टेन एवढंच सांगतो की दाब आणि उष्णता वाढली तरी हे पेट्रोल आपणहून न पेटता किती तग धरतं. स्पार्क पडतो, ज्योत पसरत जाते आणि तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जाऊन तापतं. ज्योत पोचायच्या आत ते स्वतःच भडकलं की दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. बाहेर आपल्याला टकटक, खडखड ऐकू येते. तेच नॉकिंग. ९५ ऑक्टेन म्हणजे ९५ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ५ टक्के हेप्टेनच्या मिश्रणाइतकं नॉक सोसणारं पेट्रोल. "जास्त ऑक्टेन हळू जळतं" हेही सोडून द्या. ज्योतीचा वेग वेगळा, आपणहून पेटण्याची घाई वेगळी.

ओळखीतल्या एका काकांच्या घरी दोन गाड्या आहेत. काकांची १.२ लिटरची, बिनटर्बोची, पेट्रोलच्या झाकणाच्या आत ऑक्टेन ९१ लिहिलेली. मुलाची १.० लिटरची टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारी), डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये), झाकणावर ९५. काका आपल्या गाडीत सगळ्यात महागडं पेट्रोल घालतात. मुलगा टर्बोत साधं ९१ घालतो, कारण "सगळं सारखंच असतं". एका घरात दोन्ही टाक्या उलट्या!

मुलाची गाडी चढावर दम टाकायची. गॅरेजने प्लग बदलले, एक इग्निशन कॉइल बदलली, थ्रॉटल बॉडी साफ केली, बिल हातात दिलं. झाकण उघडून त्यावरचा आकडा कोणी वाचला नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारं यंत्र) लावून लाइव्ह डेटात टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधी क्रँकच्या किती अंशांवर स्पार्क पडतो ते, पाहिलं तेव्हा उलगडलं. तिसऱ्या गिअरमध्ये, अडीच हजार आरपीएमला पेडल पूर्ण दाबलं की स्पार्क १२ अंशांवरून ४-५ अंशांवर घसरायचा.

हे होतं ते असं. ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, ठरावीक फ्रिक्वेन्सीची थरथर टिपणारा. नॉक कळला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या क्षणी टायमिंग दोन-तीन अंश मागे घेतो आणि मग अगदी हळूहळू परत पुढे सरकवतो. पहिल्या एक-दोन अंशांत फारसं काही जात नाही, पण सात-आठ अंश मागे गेलं की टॉर्क बसतो. जळण उशिरा होतं, उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जाते. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापू नयेत म्हणून ईसीयू आणखी जास्त पेट्रोल सोडतो, कधी बूस्टही (टर्बोचा हवेचा दाब) उतरवतो. म्हणजे पिकअप गेला तो गेला, मायलेजही गेलं. स्वस्त पेट्रोलची बचत इथे संपते. गाडीला दोष देणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

काकांच्या गाडीचं टायमिंग दोन्ही पेट्रोलवर तसूभर हललं नाही. त्या इंजिनच्या टायमिंगचा नकाशाच (ईसीयूतला ठरलेला तक्ता) ९१ वर बसवलेला. नॉकची मर्यादा आडवी येतच नसेल, तर ती आणखी लांब नेऊन उपयोग काय? नुकसान होत नाही, पैसे जातात.

बरं, मान्य, महागड्या पेट्रोलात डिटर्जंट कधी जास्त असतं आणि इंजेक्टर, व्हॉल्व्ह स्वच्छ राहतात. तो गुण डिटर्जंटचा, ऑक्टेनचा नाही. आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, तिथे ते डिटर्जंट व्हॉल्व्ह काय धुणार?

आकडा वाचतानाही घोळ होतो. युरोपात आणि इतर बहुतेक देशांत पंपावर आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) लिहितात. अमेरिकेत आरओएन आणि एमओएनची (मोटर ऑक्टेन नंबर, जास्त कडक चाचणीतला आकडा) सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. तिथलं ८७ म्हणजे आरओएनमध्ये ९१-९२ च्या जवळपास. तिथल्या मॅन्युअलमध्ये ९१ वाचून कोणी इतरत्र आरओएन ९१ भरत असेल, तर तो गाडीला चार-पाच आकडे कमी देतोय. शिवाय मॅन्युअलमधला शब्द बघा. "किमान" किंवा "आवश्यक" असेल तर त्याखाली जायचं नाही. "शिफारस" असेल तर कमी आकड्यावर गाडी चालेल, पण ब्रोशरमधली पॉवर तिच्याकडे मागू नका.

आता बाटल्या. ऑक्टेन बूस्टरवर "३० पॉइंट वाढतात" असं छापलेलं असतं तेव्हा ते बहुतेक वेळा ३ आकडे असतात. त्या धंद्यात १० पॉइंटचा एक आकडा. काहींत मँगनीजचं संयुग असतं, प्लगच्या टोकावर तांबूस थर बसतो. आणि डांबरगोळ्या टाकणाऱ्यांना तर हात जोडतो. त्यांतलं नॅफ्थलीन पेट्रोलात विरघळतं, पण पेट्रोल उडून गेलं की मागे घन होऊन बसतं. ते फिल्टरमध्ये नि इंजेक्टरमध्ये हवंय कशाला? नॉक थांबवायला १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडलं, आणि गाड्यांच्या पेट्रोलातून ते जगभर संपायला २०२१ उजाडलं. शेवटी अल्जीरियाने थांबवलं. एवढ्या पिढ्यांनी शिसं श्वासात घेतलंय या आकड्यापायी. म्हणून राग येतो या जादूच्या बाटल्यांचा.

ज्यांना खरंच बघायचंय त्यांनी व्हिडिओ सोडा, हे करा. टाकी रिकामी होत आली की भरा, कारण उरलेलं पेट्रोल मिसळतं: १० लिटर ९१ वर ३० लिटर ९५ ओतलं तर टाकीत साधारण ९४ होतं. एक टाकी चालू द्या, ईसीयू शिकलेली सुधारणा लगेच सोडत नाही. मग त्याच चढावर, तोच गिअर, एसी तसाच, इनटेकचं तापमान जवळपास तेवढंच ठेवून टायमिंगचा लॉग घ्या. मायलेज मोजायचं तर त्याच पंपावर नॉझलच्या पहिल्या क्लिकपर्यंत भरा. शेवटचे दोन लिटर ठासून भरलेत की हिशेब बिघडला.

योग्य पेट्रोल घालूनही टायमिंग मागेच जात असेल तर मग इंजिनात बघा. कम्बशन चेंबरमधला कार्बन ऑक्टेनची गरज वाढवतो. इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) चोंदलेला असेल, प्लग चुकीच्या हीट रेंजचा (उष्णता बाहेर टाकायची क्षमता) असेल. मधून बोल्ट जाणारा नॉक सेन्सर साधारण २० न्यूटन-मीटरला, वॉशर न घालता बसवतात. ढिला किंवा जास्त आवळलेला सेन्सर भलतंच ऐकतो. चौथ्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला पेडल तुडवू नका, गिअर उतरवा. कमी आरपीएमला मिश्रणाला आपणहून पेटायला वेळ मिळतो. टर्बोत तिथेच एखादा दणका बसतो तो बऱ्याचदा ऑइलमुळे होणारा प्री-इग्निशन (स्पार्कच्या आधीच पेटणं) असतो. ऑक्टेन वाढवून तो हमखास जात नाही, डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेलं ऑइल बघा. नॉक दुर्लक्षित राहिला की पिस्टनवरची, दोन रिंगांमधली कड तुटते आणि हेड खोलावं लागतं.

मुलाच्या टर्बोत ९५ गेल्यावर एका टाकीत टायमिंग १० अंशांच्या वर टिकू लागलं. प्लग-कॉइलचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

काकांना सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांच्या लेखी महाग पेट्रोल म्हणजे गाडीची देखभाल, आणि गाडी त्यांनी खरोखरच जपली आहे. अशा माणसाला कोण हसेल? राग आहे तो त्यांच्या या मायेवर आकडा विकणाऱ्यांवर. त्यांना म्हटलं, काका, ९१ घाला आणि वाचलेल्या पैशांत ऑइल वेळेवर, एअर फिल्टर वेळेवर आणि टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना. त्यांनी झाकण उघडून चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

तुम्हीही उघडा. आणि कमेंटमध्ये "टाकू का" विचारताना गाडीचं मॉडेल, टर्बो आहे की नाही, आणि झाकणावरचा आकडा आरओएन की एकेआय हे लिहा, नाहीतर उत्तर देता येत नाही.