लेकीला डी.ओ.ला अ‍ॅडमिशन मिळालंय? धीर धरा

सर्वप्रथम तुमचं सांत्वन करतो. मुलगी मेडिकलला लागली, तीही अमेरिकेत, आणि तरी तुम्ही अजून कोणालाही फोन केलेला नाही, हे मी समजू शकतो. पेढे आणलेत, पण डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात कोथिंबिरीच्या जुडीमागे ठेवलाय, हेही समजू शकतो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये इतकी वर्षं काढली, असे डबे पुष्कळ पाहिले. मी स्वतः डॉक्टर नाही, आयटीत आहे. पण मेडिकलच्या अ‍ॅडमिशनवर सल्ला द्यायला जे लागतं, म्हणजे दुसऱ्याचं मूल आणि हातात चहाचा कप, ते माझ्याकडे आहे.

तर प्रसंग असा. कॉलेजचं पत्र आलंय, पण कॉलेज ऑस्टिओपॅथिक. चार वर्षांनी पोरीच्या नावापुढे एम.डी., म्हणजे इथली डॉक्टरकीची नेहमीची पदवी, लागायचं नाही, डी.ओ. लागेल. सीट धरून ठेवायला हजार-दोन हजार डॉलर भरायचेत, ते परत मिळत नाहीत. एम.डी.च्या कॉलेजांकडून एक वेटलिस्ट आणि बाकी सगळी गोड भाषेतली नकारपत्रं. आता ही सीट घ्यायची, की सोडून देऊन पुढच्या वर्षी पुन्हा सगळीकडे अर्ज करायचा?

हा निर्णय मुलीने घ्यायचा आहे, असा एक समज अमेरिकेत रूढ आहे. तो आधी डोक्यातून काढा. ती काय, नुसती शिकणार. चारचौघांत सांगायचं कोणाला आहे? तुम्हाला.

आणि सांगणं सोपं नाही. पुण्याला फोन लावून बघा. मामा म्हणतील, "डी.ओ.? म्हणजे डोळ्यांची डॉक्टर ना? वा, वा!" त्यांचं काही चुकत नाही, आपल्याकडे डी.ओ. म्हणजे नेत्रविकाराचा डिप्लोमा, अशा पाट्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्यात. तुम्ही घाईघाईने "नाही हो, ऑस्टिओपॅथी" असं म्हणालात की मागून आत्याचा आवाज येतो, "अगंबाई, होमिओपॅथीला घातली?" मग घरातले एक वाचन असलेले काका फोन हातात घेतात आणि शांतपणे उलगडून सांगतात की ऑस्टिओ म्हणजे हाड, म्हणजे पोरगी हाडवैद्य होणार. "आमच्या गावात होता एक. तेल लावून बांबूच्या कामट्या बांधायचा. हात चांगला होता त्याचा. पण तो कॉलेजात नव्हता गेला."

अशा वेळी खुलासा करायचा मोह होतो, तो आवरा. म्हणजे हे असं सांगू नका की अमेरिकेत डी.ओ. हा पूर्ण डॉक्टर असतो, पन्नासही राज्यांत औषधं लिहून देतो, ऑपरेशन करतो. किंवा असं की २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, एकाच संस्थेची मान्यता लागते, त्या जागा वाटणाऱ्या एकाच मॅचमध्ये दोघं उतरतात, आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी दोन्हीकडे नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना जागा मिळते. देशातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांत दर चारातला एक आता डी.ओ.चा आहे, हेही बोलू नका. ही माहिती एकदा बाहेर गेली की तुमच्या दुःखाला कोणी विचारणार नाही.

त्यापेक्षा इतिहास सांगा. फक्त कुठे थांबायचं ते ठाऊक हवं. अँड्रयू टेलर स्टिल नावाचे एक डॉक्टर होते. १८६४ साली त्यांची तीन मुलं मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. ती औषधं तरी कसली, तर पारा, अफू आणि दारू. १८७४ मध्ये त्यांनी आपली नवी उपचारपद्धती जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल नावाच्या लहान गावात कॉलेज काढलं. इथे थांबा. पारा हा शब्द गाळा, "औषधांवर विश्वास नव्हता" एवढंच ठेवा, आणि मान हलवत चहाचा घोट घ्या. समोरचा माणूस बाकीचं स्वतःच जोडून घेतो.

१९६२ पर्यंत मात्र कोणाला येऊ देऊ नका, कारण तिथे आपली अडचण होते. त्या सुमारास कॅलिफोर्नियात एम.डी. आणि डी.ओ. यांच्या संघटनांचा समझोता झाला. डी.ओ. मंडळींचं कॉलेज एम.डी.चं झालं, आणि राज्यातल्या डी.ओ. डॉक्टरांना सांगण्यात आलं की पासष्ट डॉलर भरा, एक छोटंसं शिबिर करा आणि एम.डी. व्हा. बहुतेकांनी भरले. म्हणजे काल ज्या हातांनी बाळंतपणं केली त्याच हातांनी आज बाळंतपणं केली, फक्त दारावरची पाटी रंगाऱ्याकडून पुसून घेतली. तुमच्या लेकीला ज्या दोन अक्षरांसाठी आयुष्याचं एक वर्ष मोजायचंय त्यांचा अधिकृत भाव एकेकाळी पासष्ट डॉलर होता. आपण साठ वर्षं उशिरा पोचलो. ग्रीनकार्डच्या रांगेतल्या माणसाला यात नवीन काय म्हणा!

व्हाइट हाउसचा विषयही टाळलेला बरा. शॉन कॉनली, केव्हिन ओ'कॉनर, शॉन बार्बाबेला: ट्रम्प, बायडन आणि पुन्हा ट्रम्प यांची तब्येत सांभाळणारे हे डॉक्टर, तिघेही डी.ओ. दोन पक्षांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं ती नेमकी ही असावी, याला काय म्हणायचं? पण कोणी हा मुद्दा काढलाच तर उत्तर तयार ठेवा: राष्ट्राध्यक्षांचं एक वेळ चालतं, त्यांना मंडळाच्या गणपतीला यायचं नसतं.

आता पुन्हा अर्ज करण्याची काही खरी कारणं असतात. ती मी पटकन उरकतो, कारण आपल्या कामाची नाहीत. मुलीला न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग हेच करायचं असेल, तर डी.ओ.ला तो चढ जास्त आहे, हे खरं. डी.ओ.च्या मुलांना त्यांची स्वतःची कॉमलेक्स परीक्षा असते, आणि कित्येक जण वर एम.डी.वाल्यांची यूएसएमएलईही देतात. म्हणजे दोनदा अभ्यास, दोनदा फी. बऱ्याच कॉलेजांकडे स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं, तिसऱ्या वर्षी मुलांना कुठल्या कुठे पाठवतात. मणके, सांधे हातांनी तपासण्याचे आणि बसवण्याचे दोनशेच्या आसपास तास वेगळे करावे लागतात, ते काहींना मनापासून आवडतात आणि काहींना झेपत नाहीत. तेव्हा कॉलेजला विचारण्यासारखं पुष्कळ आहे: तिसऱ्या वर्षाच्या रोटेशन (हॉस्पिटलातल्या कामाच्या पाळ्या) कुठे, किती मुलं मध्येच गळतात, गेल्या तीन वर्षांत कोणाला कसली रेसिडेन्सी मिळाली. असलं काही विचारत बसू नका. उत्तर समाधानकारक आलं तर सीट घ्यावी लागेल. आणि तिला काय व्हायचंय हे तर अजिबातच विचारू नका. फॅमिली मेडिसिन म्हणाली तर सगळा युक्तिवाद तिथेच कोसळतो.

आपलं कारण साधं आहे, ते तिच्याहून दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या, एम.डी.ला लागलेल्या शेजारच्या रोहनमध्ये आहे.

समजा, ठरलं. सीट सोडली. पैसे गेले ते गेले. मे महिन्यात अर्जाचा दरवाजा पुन्हा उघडतो. पहिल्या कॉलेजला पावणेदोनशे डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकाला पन्नासच्या जरा आत. अर्ज केला की प्रत्येक कॉलेज आणखी निबंध मागतं, आणि निबंध वाचण्याचे बहुतेक ठिकाणी शंभराच्या आसपास. तीस कॉलेजांना करा. हात आखडता घ्यायची ही वेळ नव्हे. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा, पुन्हा द्यायला लावा. साडेसात तासांचा दिवस असतो, मार्क ४७२ ते ५२८ मध्ये कुठे तरी. ४७२ पासून मोजणी का, हे मला कोणीही समजावून सांगू शकलेलं नाही, पण ५०७ आणि ५१२ यांतला फरक मात्र मी पॉटलकच्या (ज्याने-त्याने डबा आणायच्या पंगतीच्या) रांगेत डोळे मिटून सांगतो.

त्या वर्षात मुलगी दिवसा तळघरातल्या खोलीत उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवते आणि रात्री इमर्जन्सी रूममध्ये डॉक्टर बोलेल ते टाइप करते. सकाळी सातला ती घरी येते तेव्हा तुम्ही ऑफिसला निघालेले असता. दारात गाठ पडते. तिच्या गळ्यात ओळखपत्र असतं, आणि तळहातावर बॉलपेनने लिहिलेला कुठला तरी आकडा अर्धवट पुसलेला. "जेवलीस का?" एवढं तुम्ही विचारता. ती म्हणते, "हो बाबा." ती जेवलेली नसते. याला लोकांत "रिसर्च करतेय" असं म्हणायचं.

शक्यता वाईट नाही, निराश होऊ नका. एम.डी.ला दरवर्षी पन्नास हजारांच्या वर अर्ज येतात आणि जागा साधारण तेवीस हजार. नीटच्या मानाने ही तर एशियाडमधली खिडकीची जागा झाली. फक्त मुलाखतीत एक प्रश्न येऊ शकतो: मागच्या वर्षी कुठे मिळालं होतं का, आणि मिळालं होतं तर सोडलंत का? याचं खरं उत्तर, की बाबांना पॉटलकमध्ये सांगता येत नव्हतं, हे अजून कुठल्या फॉर्ममध्ये बसत नाही. मुलगी काही तरी बरं बोलेल. लहानपणापासून तिला सवय आहे.

कर्जाचंही मनावर घेऊ नका. १ जुलै २०२६ पासून सरकारने नव्या मुलांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद केलंय. मेडिकलला सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार डॉलर आणि सगळं मिळून दोन लाख, त्यापुढचं खासगी बँकेकडून. कोणी हिशेबी माणूस म्हणेल की एक वर्ष उशीर म्हणजे नोकरीतलं एक वर्ष कमी, आणि ते सुरुवातीचं नव्हे, शेवटचं, सगळ्यात मोठ्या पगाराचं. अशा माणसाला सांगावं, पैसा काय, येतो-जातो. अब्रूचं कर्ज कुठली बँक देते?

आणि दुसऱ्या वर्षीही नाहीच झालं तर? तर कॅरिबियन बेटं आहेत. तिथून येणाऱ्या अमेरिकन मुलांना रेसिडेन्सी मिळण्याचं प्रमाण तीनात दोन असं आहे, म्हणजे तुम्ही सोडलेल्या सीटपेक्षा बरंच खाली. पण पदवी एम.डी. आहे. अक्षरं बरोबर आहेत. समुद्रही छान आहे म्हणतात.

हे सगळं मी इतक्या खात्रीने सांगू शकतो, कारण मी ते पाळतो. गेल्या महिन्यापर्यंत तरी पाळत होतो. आमच्या फ्रीजवर आमच्या फॅमिली डॉक्टरबाईंचं कार्ड अकरा वर्षं एका चुंबकाखाली आहे. शिर्डीहून आणलेलं चुंबक, त्यामुळे नावाचा पहिला भाग दिसतो आणि पुढचं साईबाबांच्या पायांखाली जातं. आमच्या सौभाग्यवतींनी फ्रीज पुसायला काढला, चुंबक उचललं, आणि मला हाक मारली. "अहो, हे वाचलंत का कधी?"

बाईंनी माझा मधुमेह पकडला. माझ्या आईला इथे आल्यावर न्यूमोनिया झाला तेव्हा रात्री साडेअकराला स्वतः फोन केला. माझा खांदा धरला होता तो हातांनी सोडवून दिला, तेव्हा मी तो त्यांचा छंद समजलो होतो. अकरा वर्षांत माझ्यापासून ही गोष्ट लपवून ठेवली म्हणून मला थोडा रागच आला. छातीवर बिल्ला लावून लपवली होती, तो भाग वेगळा.

पुढच्या अपॉइंटमेंटला विषय काढायचाच, असं ठरवून गेलो. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवायला सुरुवात केली, आणि मी म्हटलं, "डॉक्टर, एक विचारू? तुम्ही तेव्हा एम.डी.साठी पुन्हा अर्ज का नाही केलात?"

"बीपी घेताना बोलू नका," त्या म्हणाल्या. पट्टा सैल झाला. "एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. तुमच्या मानाने ठीक आहे. चालेल."

मला ते पटलं नाही. चौतीस म्हणजे काय आकडा झाला! परत घ्या म्हटलं, या वेळी नक्की चांगला येईल. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत पट्टा गुंडाळला. मी श्वास रोखून, पाय जुळवून, पूर्ण तयारीनिशी बसलो.

एकशे सेहेचाळीस, ब्याण्णव आलं.